इंग्रजी जर्नलमध्ये मराठी संदर्भ कसे द्यायचे? देवनागरी की रोमन, यादी एक की दोन?

निशिगंध_बीड | ७ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर एक शोधनिबंध लिहिलाय, इंग्रजीत. परीक्षकांनी मजकुराला फारसा हात लावला नाही. संपादकांनी मात्र एका ओळीत परत पाठवलाय: संदर्भ 'एपीए' या संदर्भ-पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे करून पंधरा दिवसांत द्या.

माझे निम्मे संदर्भ मराठी आहेत. शासनाचे अहवाल, थोडी पुस्तकं, वर्तमानपत्रांतले लेख, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावरचे प्रबंध, आणि केज-धारूरकडच्या बायकांच्या मी घेतलेल्या मुलाखती. मराठी पुस्तकाचं नाव देवनागरीत ठेवायचं की रोमनमध्ये? मराठी-इंग्रजी यादी एकच करायची की वेगवेगळी? विकासाच्या अनुशेषावरच्या दांडेकर समितीच्या अहवालाचा लेखक कोण धरायचा? मुलाखती यादीत घालायच्या का?

स्टाफरूममध्ये विचारलं तर एक सर म्हणाले, "कॉमा बघत कोण बसतंय, द्या पाठवून." दुसऱ्यांनी एका डीटीपीवाल्याचा नंबर दिला, तो पानामागं पैसे घेऊन करून देतो म्हणे. माझं मन दोन्हीकडं होईना.

मोसंबी | ७ जुलै, रात्री १०:३१

एपीए म्हणजे अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञांची संघटना. ऊस तोडायचा धारूरच्या माणसानं, लिहायचं बीडच्या मॅडमनी, आणि कॉमा कुठं टाकायचा ते वॉशिंग्टनचे मानसशास्त्रज्ञ सांगणार. चालू द्या.

ग्रंथपाल_नांदेड | ७ जुलै, रात्री ११:०५

ताई, त्या पानामागं पैसे घेणाऱ्याकडं जाऊ नका. आडनाव पुढं आणायचं, वर्ष कंसात टाकायचं, की त्याचं काम संपलं. पुस्तक त्यानं डोळ्यानं पाहिलेलं नसतं, त्यामुळं मूळ चूक तशीच राहते, फक्त नीटनेटकी दिसायला लागते.

झोटेरो नावाचं संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे, २००६ पासून चालू आहे, आणि वर्डमध्ये त्याची पट्टी येते. इंग्रजी लेखांचं काम तर तासाभरात उरकेल. वरच्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा) टाकला की बाकीची माहिती आपोआप भरते. आपोआप भरली म्हणून बरोबरच आहे असं मात्र धरू नका. खंड, अंक, पानं एकदा मूळ लेखाशी ताडून घ्या. मराठी पुस्तकं बहुतेक हातानंच भरावी लागतात. जुन्यांना आयएसबीएन नसतोच.

हातानं भरताना मुखपृष्ठावरून भरायचं नाही. आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू बघायची. प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, पुनर्मुद्रण सगळं तिथं असतं. आमच्याकडं येणाऱ्या प्रबंधांत दहातल्या चारांनी तरी छापखान्यालाच प्रकाशक केलेलं असतं, कारण पानावर सगळ्यात ठळक नाव छापखान्याचं. आणि 'दुसरे पुनर्मुद्रण' म्हणजे दुसरी आवृत्ती नव्हे.

निशिगंध_बीड | ७ जुलै, रात्री ११:१२

सर, शीर्षकपानामागची बाजू हा मुद्दा लगेच कामाला आला. एका पुस्तकाचा माझ्याकडं नुसता मुखपृष्ठाचा फोटो आहे. उद्या लायब्ररीत जाते.

वात्रट_वैद्य | ८ जुलै, सकाळी ७:४०

आमच्याकडं ही भानगड नाही. व्हँकुव्हर पद्धत, नुसते आकडे. मजकुरात जो आधी आला तो १, मग २. लेखक पहिले सहा, पुढं एट ऑल, म्हणजे 'आणि इतर'. देवनागरी की रोमन असला प्रश्नच येत नाही, कारण मराठीत आम्ही फक्त पेशंटला ओरडतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक बसले आणि म्हणाले, आपण सगळे एकच पद्धत ठेवू, म्हणजे एकानं नाकारलेला लेख दुसऱ्याला पाठवताना लेखकाला परत टंकायला लागायचा नाही. मूळ हेतू इतका साधा होता. समाजशास्त्रवाल्यांनी असं कुठं बसून ठरवलं असतं तर हा धागा निघाला नसता.

तूरडाळ | ८ जुलै, सकाळी ९:१५

वैद्यबुवा, आकड्यांचं सुख शेवटपर्यंत टिकत नाही. परीक्षक म्हणतो तिसऱ्या परिच्छेदात एक संदर्भ वाढवा, की त्याच्या पुढचे सगळे आकडे सरकतात. हातानं केलेलं असलं तर रात्र जाते.

मी परभणीला कृषी विद्यापीठात पीएचडी करायलोय. आमच्यातला अनुभव असा की 'एपीए' किंवा 'हार्वर्ड' हे नाव ऐकून कामाला लागू नये. जर्नलचा ताजा अंक उघडायचा आणि छापलेल्या दोन-तीन लेखांच्या याद्या बघायच्या. जर्नलचं नाव संक्षिप्त आहे का पूर्ण, अंक क्रमांक कंसात आहे का, डीओआय दिलाय का. सूचनांच्या पानावर एक लिहिलेलं असतं आणि छापतात दुसरंच. अशा वेळी छापलेलं बघून चालायचं.

बालाघाट | ८ जुलै, दुपारी १२:५०

मी मराठीचा प्राध्यापक, आता निवृत्त. माझं मत थोडं वेगळं आहे. मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहिणं मला पटत नाही. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला ते नाव रोमनमध्ये देऊन उपयोग काय? आणि ज्याला येतं त्याला ते रोमनमध्ये वाचताना चष्मा पुसावा लागतो. ळ, ण, ष, दीर्घ ईकार यांची तिथं जी दशा होते ती पाहवत नाही.

दुसरं, या यंत्रांमुळे विद्यार्थी पुस्तक हातात न घेता संदर्भ देऊ लागले आहेत. आम्ही कार्डं करत होतो. एका पुस्तकाला एक कार्ड, वर ग्रंथाचा तपशील, खाली उतारा आणि पृष्ठ क्रमांक. कार्ड लिहिण्यासाठी पुस्तक उघडावंच लागे.

ग्रंथपाल_नांदेड | ८ जुलै, दुपारी १:२०

सर, कार्डांबद्दल आदर आहे, पण न वाचता संदर्भ देणारे कार्डांच्या काळातही होते. एका प्रबंधात पान २१४ असं चुकून पडलं की तेच २१४ पुढच्या पाच प्रबंधांत सापडतं. कुणीच पुस्तक उघडलेलं नसतं, सगळ्यांनी पहिला प्रबंध उघडलेला असतो. आता शोधगंगावर हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं, एवढाच फरक.

मूळ पुस्तक मिळालं नाही तर जे वाचलं तेच यादीत द्यायचं, आणि मजकुरात 'अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार' म्हणायचं. यात कमीपणा काही नाही.

गोदाकाठ | ८ जुलै, दुपारी ३:०५

आम्हा इतिहासवाल्यांकडं या, मग तुम्हाला एपीए गोड वाटेल.

निजामकाळातले कागद फसली या महसुली सनात असतात. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. सरसकट '१९४७' लिहून मोकळं झालं की सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांतला कागद वर्षभर आधीचा होऊन बसतो. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो. तिथं ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते फाल्गुन या तुकड्यासाठी ७९. मी कागदावरचा सन जसाच्या तसा देतो आणि इसवी सन चौकटी कंसात. नुसता इसवी सन दिला तर पुढच्या माणसाला अभिलेखागारात ती फाइल मागताच येत नाही, कारण बस्त्यावर फसलीच लिहिलेलं असतं.

गावांचंही तसंच. अंबाजोगाईचा कागद शोधायला गेलात आणि मोमिनाबाद म्हणून मागितला नाहीत तर हात हलवत परत येता.

उस्मानाबादी_शेळी | ८ जुलै, दुपारी ३:३०

गावांच्या नावांचा विषय निघालाच आहे तर विचारतो. १९८५ चं पुस्तक आहे, आत 'औरंगाबाद' छापलंय. यादीत आता छत्रपती संभाजीनगर लिहायचं का? आमच्या गाईडनी सगळीकडं फाइंड-रिप्लेस मारायला लावलं. त्यात एका लेखाच्या नावातलं औरंगाबादसुद्धा बदलून गेलं.

(आणि माझ्या नावावर हसू नका. गाव धाराशिव झालं, पण शेळीची जात अजून उस्मानाबादीच आहे.)

गोदाकाठ | ८ जुलै, दुपारी ३:४८

पुस्तकावर जे छापलंय तेच. नाव बदललं २०२३ मध्ये, तुमचं पुस्तक १९८५ चं. वाटल्यास आजचं नाव चौकटी कंसात द्या. लेखाच्या शीर्षकाला तर हात लावायचाच नाही, ते शीर्षक आपल्या मालकीचं नसतं.

विद्यापीठाचं तसंच. १९५८ ला स्थापना झाली तेव्हा नाव मराठवाडा विद्यापीठ होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं ते १९९४ च्या जानेवारीत. १९८० च्या प्रबंधावर जे नाव आहे ते तसंच येणार.

अजिंठ्याचा_आडदांड | ८ जुलै, दुपारी ४:१०

म्हणजे नामांतर तुम्हाला मान्य नाही असं समजायचं का?

गोदाकाठ | ८ जुलै, दुपारी ४:१४

दादा, प्रबंधाच्या पहिल्या पानावर काय छापलंय एवढंच सांगायलोय.

नियंत्रक | ८ जुलै, दुपारी ४:४०

नामांतरावर जुने धागे आहेत, तिथं जा. त्यापुढचे सात प्रतिसाद काढले आहेत. इथं संदर्भसूचीवर बोला.

ग्रंथपाल_नांदेड | ८ जुलै, सायंकाळी ५:३०

शेळीभाऊंची अडचण निशिगंधताईंना येणारच नाही. एपीएच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव द्यावंच लागत नाही. नुसता प्रकाशक. शिकागो या दुसऱ्या पद्धतीनंही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत गावाची सक्ती काढून टाकली. शेळीभाऊंच्या विद्यापीठाचा नमुना गाव मागत असेल तर तो द्यावा लागेल, पण छापलेलंच.

मोसंबी | ८ जुलै, सायंकाळी ५:३४

गावाचं नाव बदलण्यापेक्षा गावच काढून टाकलं. अमेरिकन लोक हुशार.

अक्षरजुळणी_लातूर | ८ जुलै, रात्री ९:१०

वर डीटीपीवाल्यांना बरंच बोलून झालंय, म्हणून लिहितो. वीस वर्षं प्रबंध टाइप करायलोय. पोरं संदर्भ कशावर आणून देतात ते एकदा येऊन बघा. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मुखपृष्ठाचा फोटो, कधी नुसतं "सर ते कुलकर्ण्यांचं निळं पुस्तक". व्हायवाच्या आदल्या आठवड्यात येतात आणि म्हणतात उद्या द्या. मी काय लायब्ररीत जाऊन शीर्षकपान बघू?

खरी अडचण फॉन्टची आहे, ती कुणी लिहिलीच नाही. आमच्या भागात अजून निम्मं काम कृतिदेव आणि श्रीलिपीत चालतं. हे युनिकोड नाहीत. आत अक्षरं इंग्रजीच असतात, वरून मराठी दिसतात. त्यामुळं संदर्भसूचीत इंग्रजी लिंक आली आणि फॉन्ट बदलायचा राहिला की 'एचटीटीपीएस' च्या जागी 'ीजजचे' छापून येतं. मार्गदर्शकांची सही झालेल्या प्रबंधात मी हे पाहिलंय. उलट कृतिदेवमधला मजकूर झोटेरोत चिकटवला तर तिथं इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा. आणल्यावर रफार, 'ऱ्य' आणि पहिली वेलांटी डोळ्यानं तपासा, फुटतात ते तिथंच.

ग्रंथपाल_नांदेड | ८ जुलै, रात्री ९:३२

अक्षरजुळणीभाऊ, तुमचं म्हणणं रास्त आहे. 'त्याचं काम संपलं' असं मी सरसकट लिहायला नको होतं. आणि ते 'ीजजचे' मी उद्या स्टाफला दाखवणार आहे.

वर्णमाला | ८ जुलै, रात्री १०:०२

मराठी यादी वेगळी केली तर माझा एक जुना प्रश्न: क्षीरसागर 'क' मध्ये की शेवटी?

बालाघाट | ८ जुलै, रात्री १०:१५

शेवटी. शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं शिकलात ना?

अक्षरजुळणी_लातूर | ८ जुलै, रात्री १०:१९

संगणकाला शाळा माहीत नाही सर. युनिकोडमध्ये क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. सॉर्ट मारलं की बऱ्याच ठिकाणी क मध्येच बसतो. शेवटी हवा असेल तर हातानं न्यायचा.

वर्णमाला | ८ जुलै, रात्री १०:२१

म्हणजे दोन्ही बरोबर. माझ्या गाईडला हे कोण सांगणार?

तूरडाळ | ९ जुलै, सकाळी ८:३०

एक गोष्ट निशिगंधताईंना आत्ताच सांगून ठेवतो. घाईत आहात म्हणून चॅटजीपीटीला "ही यादी एपीएत कर" असं सांगायचा मोह होईल. कॉमे तो बऱ्यापैकी लावतो. पण माहिती कमी पडली की मनानं भरतो. आमच्या एका ज्युनिअरनं सोयाबीनवरच्या निबंधाला अशी यादी लावली होती. लेखक खरे, जर्नल खरं, लेख मात्र कुठंच नाही. एक डीओआय उघडला तर दातांच्या मुळांवरचा लेख निघाला.

तपासायची रीत साधी आहे. प्रत्येक डीओआय उघडून बघायचा. ज्याला डीओआय नाही त्या लेखाचा खंड-अंक जर्नलच्या साइटवर जुळवायचा. यादी साठ-सत्तर संदर्भांची असेल तर एका दुपारचं काम आहे.

पाटीलबाई_उदगीर | ९ जुलै, सकाळी ११:००

मला लेखकांच्या नावांचं विचारायचंय. मी लग्नाआधी एका आडनावानं लिहिलं, नंतर दुसऱ्या. इंग्रजीत कुणी माझं आडनाव एक 'ए' घालून लिहितं, कुणी दोन. गुगल स्कॉलरवर मी एकटी चार बायका झाले आहे. याला उपाय काय? आणि दुसऱ्याचं नाव रोमनमध्ये लिहिताना कसं लिहायचं?

ग्रंथपाल_नांदेड | ९ जुलै, सकाळी ११:४५

तुमच्यासाठी ऑर्किड, म्हणजे लेखकाचा ओळख क्रमांक. सोळा आकडी असतो, फुकट मिळतो, सगळे लेख त्याला जोडायचे. त्यामुळं जुने लेख छापील नावानंच राहतात, पण माणूस एक आहे हे कळतं.

दुसऱ्याचं नाव रोमनमध्ये लिहिताना तो माणूस स्वतः इंग्रजीत कसं लिहितो ते आधी बघायचं. त्याचा इंग्रजी लेख असेल, किंवा पुस्तकाच्या मागच्या बाजूला इंग्रजी नाव असेल. काहीच मिळालं नाही तर आपली एक रीत ठरवायची आणि यादीभर तीच ठेवायची.

संतांची नावं झोटेरोत भरताना नावाच्या खणाशेजारी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की नाव-आडनाव असे दोन खण न राहता एकच होतो. ते दाबलं नाही की एकनाथांना आडनाव चिकटतं.

बालाघाट | ९ जुलै, दुपारी १:१०

संतांचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हे मराठीच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. ज्ञानेश्वरीचा संदर्भ पृष्ठ क्रमांकाने देऊ नये. अध्याय आणि ओवी द्यावी, म्हणजे कोणाच्याही घरची प्रत उघडली तरी ती ओवी सापडते. लीळाचरित्राचं थोडं निराळं आहे. एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध हे सांगून लीळा क्रमांक द्यायचा, पण लीळांचे क्रमांक सगळ्या आवृत्त्यांत जुळत नाहीत. म्हणून कोणत्या संपादकाची आवृत्ती वापरली ते सूचीत असायलाच हवं. गाथेतल्या अभंगांचंही तेच.

पाठभेदांची काळजी ही काही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट नाही. आपल्या पैठणात एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला.

तळटीपा देणाऱ्यांसाठी आणखी एक. 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ग्रंथात') जपून वापरा. पूर्वी हस्तलिखितात परिच्छेद सहसा हलत नसत. आता कापून दुसरीकडे चिकटवतात, मध्ये नवी तळटीप शिरते, आणि 'तत्रैव, पृ. ४५' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. मी परीक्षक असताना एका प्रबंधात खतांवरच्या सरकारी पत्रकात जनाबाईंचा अभंग असल्याचं वाचलं आहे. त्यापेक्षा प्रत्येक वेळी आडनाव, थोडक्यात शीर्षक आणि पृष्ठ द्यावं.

ग्रंथपाल_नांदेड | ९ जुलै, दुपारी १:२५

सर, शिकागोवाले २०१७ पासून हेच म्हणतायत. ते 'इबिड', म्हणजे त्यांचं तत्रैव, टाळा म्हणतात, छोटा संदर्भच परत द्या.

बालाघाट | ९ जुलै, दुपारी १:३०

म्हणजे त्यांनाही कुणी जनाबाई भेटल्या असतील.

सहायक_प्राध्यापक_हिंगोली | ९ जुलै, रात्री ८:५०

मंडळी, इतका जीव कशाला काढायलात? आमच्याकडं कॅसच्या, म्हणजे बढतीच्या फाइलला पेपर छापला की झालं. आत संदर्भ कसे आहेत ते कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. पूर्वी निदान चांगल्या जर्नल्सची यूजीसी केअर यादी होती, २०१९ ला आली. तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. आता कुठलं जर्नल चांगलं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. मी एकाला पैसे भरून पाठवला, पाच दिवसांत छापून आला. संदर्भसूची मी पाठवली तशीच, एक कॉमासुद्धा हलला नाही.

तूरडाळ | ९ जुलै, रात्री ९:०५

एक कॉमासुद्धा हलला नाही म्हणजे कुणी वाचलाच नाही, सर.

सहायक_प्राध्यापक_हिंगोली | ९ जुलै, रात्री ९:११

ते मलाही कळतं हो. पण निशिगंध मॅडमचा पेपर आठ महिने अडकला असेल आणि माझी बढती येत्या जानेवारीत आहे. दोघांचं गणित वेगळं आहे एवढंच म्हणायचंय.

बरं, मला एक सांगा, प्लॅगिअरिझम (वाङ्मयचौर्य) तपासताना संदर्भसूची धरतात का? आमच्या इथं सूचीसकट अहवाल काढला आणि टक्के वाढले म्हणून एका पोराचा प्रबंध परत पाठवला.

ग्रंथपाल_नांदेड | ९ जुलै, रात्री ९:२८

धरायची नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळायला सांगितलंय. मर्यादा १० टक्क्यांची, तीही हे वगळून. सॉफ्टवेअरमध्ये 'संदर्भसूची वगळा' अशी खूण असते, ती करायची राहिली असणार. त्या पोराला नियमाची प्रत घेऊन परत पाठवा.

मोसंबी | ९ जुलै, रात्री ९:३५

बाकी सगळ्यांचं झालं. ज्यांनी धागा काढला त्या मॅडम कुठं आहेत?

निशिगंध_बीड | १० जुलै, दुपारी ४:००

आहे, आहे. सगळं वाचायलेय आणि झोटेरोत भरायलेय. लायब्ररीत जाऊन मागची पानं बघून आले. एका पुस्तकाचं वर्ष मी ज्या लेखातून घेतलं होतं तिथं पुनर्मुद्रणाचं होतं, पहिली आवृत्ती बरीच आधीची निघाली.

लिपीबद्दल संपादकांनाच मेल केली, कारण इथं दोन मतं पडली. ग्रंथपाल सर, तुमचा निकाल अजून आलेला नाही. दांडेकर आणि मुलाखती हे दोन्ही तसेच राहिलेत.

ग्रंथपाल_नांदेड | १० जुलै, सायंकाळी ५:१०

बालाघाट सरांचा मान राखून बोलतो. एपीएचा नियम असा की लॅटिन लिपीत नसलेलं शीर्षक लिप्यंतर करून द्यायचं आणि त्याच्यापुढं चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. यादी एकच, रोमन वर्णक्रमानं. त्यामुळं क्षीरसागरांचा वादही मिटतो. पुस्तकाच्या शीर्षकाचं लिप्यंतर तिरपं, कंसातला अर्थ सरळ. झोटेरोत भाषेच्या खणात मराठी टाका, नाहीतर काही स्टाइल्स शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात.

दांडेकर समिती: १९८४ चा अहवाल, लेखक महाराष्ट्र शासन, नियोजन विभाग. दांडेकर अध्यक्ष होते, लेखकाच्या जागी ते येत नाहीत. मजकुरात 'दांडेकर समिती' म्हणून उल्लेख करा, कारण मराठवाड्याच्या अनुशेषावर लिहिणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, पण कंसात शासनाचं नाव यायला हवं. नाहीतर वाचणारा डी मध्ये शोधत बसेल.

वर्तमानपत्राच्या लेखात आवृत्ती लिहा. बीडच्या पानावरची बातमी पुण्याच्या आवृत्तीत नसते, मग पडताळणाऱ्याला वाटतं तुम्ही ती मनानं लिहिली.

गोदाकाठ | १० जुलै, सायंकाळी ५:४०

मुलाखतींचं मी सांगतो. इतरांशी झालेलं बोलणं, फोन, मेल हे एपीएत 'व्यक्तिगत संवाद' म्हणून फक्त मजकुरात देतात, यादीत नाही. पण तुमच्या बायका तुमच्या अभ्यासातल्या सहभागी आहेत. त्यांचं बोलणं म्हणजे तुमची सामग्री, संदर्भ नव्हे. त्याला व्यक्तिगत संवादही म्हणायचं नाही. पद्धतीच्या भागात मुलाखती कुठं, कधी, कशा घेतल्या ते लिहा आणि उताऱ्यापुढं 'सहभागी ७, धारूर तालुका' असं द्या. गावाचं नाव मात्र टाळा. तांड्यावर चार टोळ्या असतात, मुकादमाविरुद्ध बोललेली बाई कोण ते दोन मिनिटांत कळतं.

निशिगंध_बीड | १० जुलै, सायंकाळी ५:५२

हे फार बरं झालं. मी गावं आणि वयं दोन्ही लिहिली होती. काढते.

बालाघाट | १० जुलै, सायंकाळी ६:३०

गोदाकाठ यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लिप्यंतराबद्दल माझं मत कायम आहे, परंतु यजमानांच्या घरी त्यांच्या पद्धतीने जेवावं हे मान्य.

निशिगंध_बीड | १३ जुलै, सकाळी १०:१५

संपादकांचं उत्तर आलं. रोमन लिप्यंतर, चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, यादी एकच. म्हणजे ग्रंथपाल सरांचंच. पण त्यांनी आपणहून एक जोडलंय: देवनागरी मूळ शीर्षकं हवी असतील तर वेगळ्या पूरक फाइलमध्ये द्या, ती लेखाबरोबर ऑनलाइन ठेवू. बालाघाट सर, ती फाइल मी केलीय, पूर्ण देवनागरीत. ळ आणि ण सगळे जागेवर आहेत.

बालाघाट | १३ जुलै, सकाळी १०:४०

पाठवा मला. शुद्धलेखन बघून देतो.

ग्रंथपाल_नांदेड | १३ जुलै, सकाळी ११:०५

पाठवण्याआधी वर्डमधल्या झोटेरोच्या पट्टीवर 'अनलिंक सिटेशन्स' आहे, त्यानं फाइलची झोटेरोशी असलेली जोडणी तुटते, ते फक्त कॉपीवर करा. जोडलेली मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवा. हे जर्नल नाही म्हणालं आणि दुसऱ्याला शिकागो हवं असलं तर तीच उघडायची.

मोसंबी | १३ जुलै, सकाळी ११:०८

सर, आधी हे तर छापू द्या!